राणीच्या वीणेची दांडी

ऐका, लहानथोर सगळेच ऐका. पुष्कळ वर्षांमागे एका डोंगराळ राज्यात केरबा नावाचा कारागीर होता. वीणा घडवावी तर त्यानेच, अशी त्याची ख्याती.

एके दिवशी राणीने त्याच्याकडे फणसाचा ओंडका पाठवला. सोबत निरोप होता, "हे माझ्या माहेरचं झाड, वडिलांनी लावलेलं. वडील गेले, वादळात झाडही गेलं. याचीच दांडी घालून मला वीणा करून दे."

केरबाने साल काढली आणि तो थबकलाच. लाकूड सोन्यासारखं पिवळंधमक होतं, पण आत दोरखंडासारखा पीळ. असली दांडी तारांचा ताण सोसत नाही. एका पावसाळ्यात वाकते, मग कितीही जुळवा, सूर लागत नाही.

तीन दिवस तो पटाशी उचलायचा आणि खाली ठेवायचा. घास गोड लागेना.

शेवटी बायको म्हणाली, "अहो, भीड ही भिकेची बहीण. आज गप्प बसाल, तर उद्या त्या माउलीला बापाची आठवणच बेसूर होईल."

केरबा राजवाड्यावर गेला. हात जोडून म्हणाला, "राणीसाहेब, रागावू नका. साल काढली तेव्हाच दिसलं, या लाकडाला पीळ आहे. याची दांडी टिकणार नाही."

राणीचा चेहरा उतरला. "म्हणजे बाबांचं झाड चुलीत घालू?"

केरबा घाईघाईने म्हणाला, "नाही, नाही! दांडीला सरळ रेषांचं, मुरलेलं लाकूड हवं. माझ्या गोठ्याचं सागवानी आढं चाळीस पावसाळे भार वाहतंय, तसूभर वाकलं नाही. दांडी त्याची करू आणि खुंट्या फणसाच्या. एवढ्याशा तुकड्याला पीळ बाधत नाही. वीणा जुळवताना दर वेळी तुमचा हात वडिलांच्या झाडालाच लागेल."

राणीने मान हलवली. मग डोळे पुसून म्हणाली, "तीन दिवस हे पोटात का ठेवलंस रे?"

"भ्यालो होतो, राणीसाहेब."

राणीला हसूच आलं. केरबाच्या छातीवरचा धोंडा उतरला. त्या दिवशी तो दोन भाकऱ्या जास्त जेवला, आणि लगेच गोठ्याचं आढं उतरवायला शिडीवर चढला.

पुढे पावसाळे आले, गेले. दांडी वाकली नाही, आणि राणीने केरबाला विचारल्याशिवाय कधी लाकूड निवडलं नाही.

तात्पर्य : माया कितीही असो, जे जिथे टिकेल तिथेच ते लावावं, आणि टिकणार नसेल तर वेळीच सांगावं.