उसना विस्तव

शके सतराशे पंचवीस. भाद्रपद संपत आला होता आणि पाऊस उघडायला तयार नव्हता.

"...मग काय तिला बांधून ठेवू?" हैबतीने विचारले.

पूर्णेपलीकडे फौज उतरली होती. गाव डोंगरात पळाले होते. मागे राहिले होते एकट्या हैबतीचे घर, आणि गावाबाहेरच्या तकियात, आपल्या मठीत, म्हातारा फकीर नबीशा.

हैबती भालाईत होता. फकिराच्या धुनीपाशीही तो भाला धरूनच उभा होता.

"कोणाला बांधतोस?"

"भागाला. बायको म्हणते, आत्ताच निघायचं. अंथरुणावरच्या आईला गाडीचा हिसका सोसायचा नाही, वाटेतच जाईल ती. ओरडून ओरडून सांगितलं. शेवटी म्हणालो, उंबरा ओलांडलास तर तंगडी तोडीन."

"मग?"

"मग काय... गाडी भरतेय."

नबीशा हसला. "म्हणजे फौजा दोन झाल्या. एक नदीपलीकडे, एक उंबऱ्यात. बिचारीने भ्यावं तरी कोणाला?"

हैबतीला हसू आले नाही. "ताईत द्या, शहाबाबा. तिचा पाय घरातून हलणार नाही असा."

फकिराने गावाकडे पाहिले.

"तुझ्या घरावर धूर नाही."

"चूल विझवली तिने. पाणी ओतून."

घर सोडणारी बाई असेच करते. रिकाम्या घरात विस्तव ठेवत नाहीत.

"तिच्यापाशी तान्हं आहे, हैबती."

"...आहे."

"आणि तुला आई आहे."



फकिराने एका खापरात राख घेतली. धुनीतले फुललेले निखारे त्यावर ठेवले. मग पाण्याचे मडके उचलले आणि उरलेल्या धुनीवर पालथे केले.

"शहाबाबा! तुमच्या गुरूने पेटवलेली धुनी!"

"हो."

"आता?"

"आता गावात विस्तव एवढाच. भागाच्या हातात दे. तंगडीचं नाव काढू नको. म्हणावं, फकिराने उसना दिलाय, सकाळी परत हवा."

हैबतीने एक हात पुढे केला.

"दोन्ही हातांनी धर. वारा आहे."

भाला चिंचेला टेकून राहिला.

सकाळी भागा आली. पाठीशी मूल बांधलेले, हातात खापर, त्यावर झाकण. मागून हैबती, मान खाली घालून.

"रात्रभर फुंकत बसले, बाबा," भागा म्हणाली. "हे म्हणाले, मी राखतो. आणि लागले घोरायला! आत्याबाईंनीच अंथरुणावरून मला जागं ठेवलं. म्हणाल्या, फकिराचा विस्तव आपल्या घरात विझला तर तोंड कुठे दाखवायचं?"

"गाडी?"

भागाने नदीकडे पाहिले. पलीकडे तंबू होतेच.

"गोवऱ्या गाडीत तळाशी होत्या. त्या काढायच्या म्हणून सगळं उतरवावं लागलं." ती थांबली. "आता कोण पुन्हा भरतंय..."

नबीशाने ओली राख उपसून कोरडी लाकडे रचली होती. भागाने त्यांत निखारे ओतले. म्हातारा वाकून फुंकत राहिला. बराच वेळ काही झाले नाही.

मग धूर निघाला.

"फिटलं," नबीशा म्हणाला.