टिटवीने घेतलेले वकीलपत्र

डोंगराच्या पायथ्याशी सागाचे एक दाट जंगल होते. त्यातून वाहणाऱ्या नदीच्या काठी, गोट्यांच्या पसाऱ्यात एक टिटवी राहत असे. टिटवी अंगाने एवढीशी, पण आवाज असा खणखणीत, की तिची हाक या काठावरून त्या काठाला सहज पोहोचे. तिचे घरटे म्हणजे काय, तर उघड्या जमिनीवरचा एक खळगा. त्यामुळे बाई सदा सावध. कोल्ह्याचे शेपूट दिसो नाहीतर सापाची वळवळ, ती लगेच हाळी देई आणि आसपासची सारी जनावरे कान टवकारत.

मुलांनो, जंगलात हे काम करणारी ती काही एकटीच नव्हती. झाडाच्या शेंड्यावरून बिबट्यावर नजर ठेवणारा वानर होता. वेळ आली तर ससाण्याच्याही अंगावर धावून जाणारा कोतवाल पक्षी होता. एकाची हाळी ऐकून ती पार डोंगरापर्यंत पोहोचवणारा मोर होता. या सर्वांनी मिळून एक मंडळ काढले होते, हाळीकर मंडळ. मोर त्याचा अध्यक्ष. संकट दिसले की जंगलाला सावध करायचे आणि त्याबद्दल कोणाकडे काही मागायचे नाही, असा मंडळाचा रिवाज होता.

एकदा मात्र वानराच्या हातून चूक झाली. भर उन्हाळ्याचे दिवस. वाऱ्याने वाळके गवत हलले आणि त्याला वाटले, बिबट्याच आला! त्याने जिवाच्या आकांताने हाळी दिली. पाणवठ्यावरचे कळप चौखूर उधळले. त्या धावपळीत एका हरिणीचे पाडस खडकांत अडखळून पडले आणि त्याचा पाय कायमचा अधू झाला. बिबट्या तर कुठेच नव्हता.

चरणाऱ्या सगळ्या कळपांचा नायक होता एक धिप्पाड गवा. पाडसाचा पाय पाहून तो संतापला. त्याने सगळ्यांना बोलावून बजावले, "यापुढे कोणीही परस्पर हाळी द्यायची नाही. जे दिसेल ते आधी मला येऊन सांगायचं. मी स्वतः पाहीन, खात्री करीन, मान डोलावीन. मगच तोंड उघडायचं!"

नायकाच्या शब्दापुढे कोण जाणार? सगळ्यांनी हाळी देणे बंद केले. पण थोड्याच दिवसांत वानराला खराखुरा बिबट्या दिसला. हुकमाप्रमाणे तो गव्याला शोधत निघाला. गवा पलीकडच्या टेकडीवर सावलीत रवंथ करत बसला होता. तो उठून पाहायला येईपर्यंत बिबट्याने भेकराचे पिल्लू उचलून नेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी हाळीकर मंडळाची सभा भरली. सगळ्यांच्या माना खाली होत्या.

"संकट दिसत असताना गप्प बसायचं, म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार!" कोतवाल चिडून म्हणाला. "मला सगळ्यांचे आवाज काढता येतात. उद्या पाणवठ्यावर वाघाची डरकाळीच काढतो. गवा शेपूट घालून पळाला, की त्याची खोड मोडेल."

मोर घसा साफ करत म्हणाला, "मी अध्यक्ष खरा. पण गवा सध्या तापलेला आहे. जरा निवू द्यावा, असं मला वाटतं."

"आणि तोवर किती पिल्लं जातील?" टिटवीने विचारले. मग ती पुढे झाली. "एका खोट्या हाळीने आपलं नाव गेलं. त्यावर दुसरी खोटी डरकाळी हा काही उतारा नव्हे. मंडळाच्या वतीने मी बोलते गव्याशी."

"तू?" कोतवाल हसला. "आणि तुझी अंडी?"

"त्यांच्याजवळ त्यांचे बाबा बसतील," टिटवी म्हणाली. "जंगलाला वेळेवर हाळीच मिळाली नाही, तर माझी अंडी तरी कुठे सुरक्षित आहेत?"

अशा रीतीने टिटवीने मंडळाचे वकीलपत्र घेतले. पण सभेतून निघाल्यावर ती थेट गव्याकडे गेली नाही. ज्याच्याकडे मागणे मागायचे, त्याचा राग कशावर आहे हे आधी नीट समजून घ्यावे, असे तिच्या मनात आले. म्हणून ती त्या हरिणीकडे गेली.

हरिणी बांबूच्या बेटात उभी होती. तिचे पाडस शेजारीच लंगडत पाला खुडत होते. टिटवीला पाहताच हरिणीने तोंड फिरवले. "आता काय आणलंस? आणखी एक बिबट्या?"

"काही आणलं नाही, ताई," टिटवी म्हणाली. "तुमचं ऐकायला आलेय."

हरिणी पाडसाचा अधू पाय चाटत राहिली. टिटवी जागची हलली नाही. शेवटी हरिणी म्हणाली, "डोळे आहेत, फसतात गं. चूक झाली म्हणून मी वानरावर रागावले नाही. पण बिबट्या नाही, हे त्याला लगेच कळलं होतं ना? मग तसं सांगितलं का नाही? मी करवंदीच्या जाळीत, काट्यांत, लंगडं पोर पोटाशी घेऊन दिवस मावळेपर्यंत उभी होते. पोर तहानेने व्याकूळ झालेलं. समोर पाणी दिसत होतं, पण जायची छाती होईना. पळा म्हणून ओरडायला तुम्ही सगळे पुढे. आता या म्हणून सांगायला एकाच्याही तोंडून शब्द फुटत नाही!"

आपणही कितीदा नुसती सावली पाहून ओरडलो आणि मग चुपचाप अंड्यांवर जाऊन बसलो, हे टिटवीला आठवले. ती वाद घालायला गेली नाही. "ताई, तुमचं हे बोलणं मी मंडळापुढे जसंच्या तसं ठेवते," एवढेच म्हणून ती उडाली.

मंडळात तिने ते सांगितले मात्र, एकच गिल्ला झाला. कोतवाल शेपटीची कात्री उडवत ओरडला, "वाहवा! आमचं वकीलपत्र घेऊन गेलीस आणि फिर्याद आमच्यावरच घेऊन आलीस?"

"फिर्याद खरी आहे," टिटवी शांतपणे म्हणाली. "भर दरबारात गव्याच्या तोंडून ऐकण्यापेक्षा ती इथे माझ्या तोंडून ऐकलेली बरी. आपण हक्क मागायला निघालोय. आधी आपलं अंगण झाडून घेऊ."

इतका वेळ मागच्या फांदीवर तोंड लपवून बसलेला वानर खाली उतरला. "मला लाज वाटली," तो म्हणाला. "चुकलो, असं ओरडून सांगायला जीभच रेटेना. वाटलं, सगळे हसतील. आणि त्यापायी ते पोर तहानेने तडफडत राहिलं." मग त्याने डोळे पुसले. "यापुढे जो हाळी देईल, त्यानेच संकट टळल्यावर किंवा चूक कळल्यावर तसं मोठ्याने सांगावं. माझं तर हेच म्हणणं."

"आणि ते सांगणं मी डोंगरापर्यंत पोहोचवीन," मोर म्हणाला. आता त्याला घसा साफ करावा लागला नाही.

कोतवाल मात्र धुसफुसत होता. "चार जणांपुढे स्वतःचं हसं करून घ्यायचं," असे तो पुटपुटला. पण मंडळाचा ठराव त्याने मोडला नाही. वानर तिथूनच हरिणीची माफी मागायला निघाला.

दुसऱ्या दिवशी टिटवी गव्यासमोरच्या दगडावर जाऊन उतरली. तिने बोलावले नव्हते, तरी हरिणीही पाडसाला घेऊन आली आणि बाजूला उभी राहिली.

"मोराला पाठवायचं सोडून तुला पाठवलं?" गवा फुरफुरला.

"मी आपणहून आले, महाराज," टिटवी म्हणाली. "आधी आमची चूक सांगते. वानराची हाळी खोटी निघाली. ते कळल्यावरही आम्ही कोणी बोललो नाही. ती चूक एकट्या वानराची नव्हती, साऱ्या मंडळाची होती."

गव्याला हे अपेक्षित नव्हते. त्याने जमिनीत रोवलेला खूर सैल केला.

"आता आमचं म्हणणं," टिटवी पुढे म्हणाली. "तुमची नजर तेज आहे, पण गवत तुमच्या डोळ्यांपर्यंत वाढलंय. झाडाच्या शेंड्यावरून जे दिसतं, ते खालून कसं दिसणार? आणि तुम्ही एकटे कुठे कुठे पुरे पडाल? बिबट्याने भेकराचं पिल्लू नेलं, तेव्हा वानर तुम्हालाच शोधत होता."

ते पिल्लू गेल्यापासून गव्याला चारा गोड लागत नव्हता. पण हे तो कोणापाशी बोलला नव्हता. त्याने विचारले, "आणि पुन्हा चूक झाली तर?"

"होईल, महाराज. चूक होणारच नाही, असं वचन मी देणार नाही. ते खोटं ठरेल. पण झालेली चूक आम्ही लपवणार नाही, हे वचन देते."

तेवढ्यात हरिणी म्हणाली, "महाराज, धावताना माझं पोर लंगडं झालं. पण कधी धावायचं हे कोणी सांगितलंच नाही, तर लंगडंसुद्धा उरायचं नाही."

गव्याने त्या पाडसाकडे पाहिले. मग तो म्हणाला, "बरं. येत्या अमावस्येपर्यंत तुमच्या रीतीने चालू द्या. मग पाहू."

आता खरी कसोटी होती, आणि ती आली नेमकी कोतवालावर! एका दुपारी त्याला टेकडीपलीकडे धुळीचे लोट उठताना दिसले. रानकुत्री आली, असे वाटून त्याने हाळी दिली. कळप पाण्यावरून उठले आणि चढाला लागले. इतक्यात धूळ टेकडीच्या माथ्यावर आली, गरगर फिरली आणि विरून गेली. ती नुसती वावटळ होती.

कोतवाल फांदीवर थिजला. टिटवी खालून त्याच्याकडे बघत होती. त्याच्याऐवजी आपणच ओरडावे, असे तिला क्षणभर वाटले. पण तिने चोच मिटून घेतली. ज्याने हाळी दिली, त्यानेच सांगायला हवे होते. कोतवालाने शेपटी झटकली आणि पूर्ण ताकदीने तो ओरडला, "या, परत या! माझी चूक झाली! वावटळ होती!" मोराने ती साद उचलली आणि डोंगरापर्यंत पोहोचवली. अर्ध्या चढावर कळप थांबले, वळले आणि पुन्हा पाण्यावर आले. कोणीही हसले नाही. एक म्हातारे सांबर तर जाता जाता म्हणाले, "बरं झालं बाबा सांगितलंस. नाहीतर दिवसभर वरच उन्हात तापत बसलो असतो."

पुढे काही दिवसांनी रानकुत्री खरोखरच आली. ती वाऱ्याच्या उलट दिशेने, वाळक्या गवतातून दबत दबत येत होती. गवा पाण्यात तोंड घालून उभा होता. त्याला ना वास आला, ना काही दिसले. टिटवीने मात्र गवताची हालचाल ओळखली आणि हाळी दिली. मोराने ती उचलली. या वेळी कोणी चौखूर उधळले नाही. हाळी देणारे शेवटपर्यंत सांगत राहतील, असा आता साऱ्यांना भरवसा होता. मोठी जनावरे बाहेरच्या बाजूला, पिल्ले मध्ये, असे सगळे कळप नदी ओलांडून गेले. लंगडे पाडसही आईच्या कुशीला लागून पार झाले. काठावर पोहोचलेल्या रानकुत्र्यांना नुसते ओले ठसे मिळाले. ती निघून गेल्यावर टिटवीने 'आता या' अशी साद घातली, तेव्हाच कळप परतले.

त्याच संध्याकाळी गव्याने सगळ्यांना बोलावले. अमावस्या अजून लांब होती. तो म्हणाला, "माझा हुकूम मी मागे घेतो. दिसलं, की बोला. मला विचारत बसू नका." मग तो टिटवीकडे वळला. "आणि टिटवे, तुमच्या मंडळाचं पुन्हा काही म्हणणं असलं, तर थेट माझ्याकडे ये."

"येईन, महाराज," टिटवी मान ताठ करून म्हणाली. "पण थेट नाही. आधी ज्यांचं काही दुखलंय त्यांच्याकडे जाईन, आणि मग तुमच्याकडे येईन."

तात्पर्य : चौघांच्या वतीने बोलायला निघालेल्याने आधी चौघांचे ऐकून घ्यावे, आणि जो आपली चूक स्वतःच्या तोंडाने सांगतो, त्याच्याच हाकेवर जग विश्वास ठेवते.