तोंडावर बोट

"पण आता तो कुणालाच चावत नाही, बाबा. मग त्याची आई का रडते?"

टेकडीवरच्या दर्ग्यात मेहबूबबाबा नावाचे एक म्हातारे फकीर राहत. भर दुपारी टेकडी चढून पद्माबाई त्यांच्यापुढे येऊन बसल्या होत्या. खालच्या वस्तीतल्या बालवाडीच्या बाई. शिस्तीत त्यांचा हात धरणारं तालुक्यात कुणी नव्हतं, आणि हे त्यांनी आल्या आल्याच सांगून टाकलं होतं.

बाबांनी विचारलं, तो म्हणजे कोण?

इरण्णा. चार वर्षांचा. आई विड्या वळते. एका खोलीत चाळीस पोरं, गोंगाट असा की आपलंच आपल्याला ऐकू येऊ नये, आणि त्यात हा चावरा. कुणी हातातली गाडी घेतली, चावला. कुणी रांगेत पुढे घुसलं, चावला. एका मुलीच्या गालाला तर टाका घालावा लागला.

मग बाईंनी त्याला शिकवलं. राग आला की हाताची घडी, तोंडावर बोट. राग जाईपर्यंत तसंच बसायचं. महिन्याभरात पोरगं शिकलं. बाईंनी सगळ्यांकडून त्याच्यासाठी टाळ्या वाजवून घेतल्या.

"मग?"

बाईंचा आवाज खाली आला. इरण्णा आता घरीही तसाच बसतो. बोलत नाही. भूक लागली तरी सांगत नाही. आणि ते तोंडावरचं बोट...

"बोटाचं काय?"

"चावून चावून सोलून काढलंय, बाबा. रोज रक्त येतं."

बाबांनी माठातून पेलाभर पाणी काढलं. चढून आल्यामुळे बाईंच्या घशाला कोरड पडली होती. त्यांनी हात पुढे केला.

"तशी बस, पोरी. पोरांना बसवतीस तशी."

त्या बसल्या. हाताची घडी, तोंडावर बोट.

बाबांनी पेला स्वतःच्याच ओठाला लावला. त्यांच्याकडे बघत, सावकाश, सगळं पाणी पिऊन टाकलं. मग दुसरा पेला भरला... तोही प्यायले.

बाई बसून राहिल्या. शिस्तीच्याच त्या. पण डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते काही त्यांना आवरेना. आपण त्या लेकराचं काय करून ठेवलं ते आता त्यांना कळलं होतं.

कितीतरी वेळाने त्यांनी बोट खाली घेतलं.

"चुकलं माझं. उद्यापासून त्याला मागायला शिकवते. चावायचं नाही, तोंडानं मागायचं. एवढं शिकवलं तर सुधारेल ना तो?"

बाबांनी खाली वस्तीकडे बघितलं.

"चावायच्या आधी मागूनच बघितलं असंल की गं त्यानं."