न वाचता दाबलेला अंगठा

चंदनपूर नावाच्या नगरात यादोराव हे नगराध्यक्ष होते. माणूस भला, पण कौतुकाचा भारी भुकेला. आपले नगर स्मार्ट व्हावे म्हणून त्यांनी एक ॲप काढले. नगरपालिकेने काही करायचे म्हटले, की आधी तो प्रस्ताव लोकांच्या मोबाइलवर जाई. पसंत असेल तर अंगठ्याचे चित्र दाबायचे. नसेल तर 'नको' दाबून कारण लिहायचे.

प्रत्येक प्रस्तावावर अंगठ्यांचा नुसता पाऊस पडे. 'नको' कधी कुणी म्हटलेच नाही. लोकसहभागात चंदनपूर पहिले आले आणि राजधानीत यादोरावांचा सत्कार ठरला. त्यांचे पाय जमिनीवर टेकेनात.

त्याच आठवड्यात परीट आळीतली गोदाक्का कचेरीत आली. नगराबाहेरच्या तळ्यावर लोकांचे कपडे धुऊन तिचे घर चाले. ते तळे बुजवून तिथे पार्किंग करायचा प्रस्ताव नुकताच पसंत झाला होता.

"साहेब, तळं बुजलं तर आम्ही खायचं काय?"

"अहो, साऱ्या गावानं होकार दिलाय. तुम्ही 'नको' का नाही म्हणालात?"

गोदाक्का ओशाळली. "मी बी अंगठाच दाबला, साहेब."

"स्वतःचं तळं बुजवायला?"

"वाचलं कुठं? सकाळी सकाळी साहेबांकडून काही आलं, तर आपण बी रामराम घालावा. म्हणून दाबला."

यादोरावांना हसू आले. मग ते हसू तसेच विरले. हिचा अंगठा रामरामाचा, तर बाकीच्यांचे कशाचे? त्यांना राहवेना. ते उठले आणि थेट बाजारात गेले.

भांड्यांचे व्यापारी झुंबरशेठ म्हणाले, "सगळ्यांनी अंगठा दिला. मी एकटाच मागं राहिलो तर बरं दिसतं का?"

शेजारचे निवृत्त मास्तर म्हणाले, "'नको' म्हटलं की कारण लिहावं लागतं. कोण लिहीत बसणार?"

संध्याकाळी यादोरावांनी नवा प्रस्ताव पाठवला: 'उद्यापासून नगरातले सगळे नळ बंद ठेवावेत.' लगेच अंगठे पडू लागले. "स्तुत्य उपक्रम!" "अभिनंदन, साहेब!" कुणी तर गुलाबाची फुलेही पाठवली.

सकाळी नळ खरोखरच बंद राहिले. थोड्याच वेळात हंडे-बादल्या घेऊन सारे नगर कचेरीपुढे उभे ठाकले.

"पाणी कुणी तोडलं?" झुंबरशेठ ओरडले.

"तुम्ही," यादोराव म्हणाले. "पहिला अंगठा तुमचाच आहे, शेठ."

मग मागून कुणीतरी खुदकन हसले आणि सगळी गर्दी हसत सुटली. यादोराव मात्र हसले नाहीत.

"असल्याच अंगठ्यांवर मी तळं बुजवायला निघालो होतो," ते म्हणाले. "चूक माझीही आहे. अंगठे बघून मला इतकं बरं वाटायचं, की तुम्हाला खरंच काय वाटतं हे विचारायचंच राहिलं."

मुख्याधिकारी त्यांच्या कानाशी लागले. "साहेब, हे बाहेर कळलं तर सत्कार जाईल."

यादोराव म्हणाले, "जाऊ द्या. मीच कळवतो."

नळ सुरू झाले. सत्कार दुसऱ्याच नगराला मिळाला आणि यादोरावांना ते बरेच दिवस लागून राहिले, खोटे कशाला सांगावे? पण तळ्याचा प्रस्ताव त्यांनी पुन्हा पाठवला. या वेळी अंगठे थोडेच आले, भांडणे मात्र भरपूर झाली. काहींना पार्किंग हवेच होते आणि त्यांनी तसे रोखठोक लिहिले. झुंबरशेठनी जुन्या बाजाराची रिकामी जागा सुचवली. मास्तरांनीसुद्धा बसून कारण लिहिले.

गोदाक्काने एकेक अक्षर शोधत लिहिले, "नको. तळं गेलं की आमची चूल विझते. राग नसावा, साहेब."

यादोरावांनी ते पुन्हा पुन्हा वाचले. इतक्या अंगठ्यांनी जे समाधान दिले नव्हते, ते त्या एका नकाराने दिले. गाड्या जुन्या बाजारात गेल्या आणि तळे वाचले.

तात्पर्य: होकार देण्याआधी प्रश्न नीट वाचावा, आणि कारभार करणाऱ्याने होकाराइतकाच नकारही मन लावून ऐकावा.