तात्यांचा बदल कोणी तपासायचा?

एका खाडीच्या तोंडाशी एकदा एक वृद्ध गृहस्थ राहत असत. सारा गाव त्यांना तात्या म्हणे. त्यांची उभी हयात बंदर खात्यात गेली होती. निवृत्तीनंतर माणसं तीर्थयात्रा करतात, बागेत रमतात. तात्या संगणक शिकले आणि त्यांनी एक प्रोग्रॅम लिहिला. खाडीत भरती केव्हा आणि ओहोटी केव्हा, हे तो फोनवर दाखवत असे. होडीवाले, शिंपल्या वेचणाऱ्या बायका, पलीकडच्या तीरावर शिकवायला जाणारे मास्तर, सगळे त्याच्या भरवशावर घराबाहेर पडत.

तात्यांनी या प्रोग्रॅमचं मोल घेतलं नाही आणि त्याचं गुपितही केलं नाही. त्याची आतली सगळी लिखावट, जिला या धंद्यात कोड म्हणतात, त्यांनी इंटरनेटवर सर्वांसाठी उघडी ठेवली होती. कोणीही यावं, वाचावं, सुधारणा सुचवावी. नियम मात्र एक होता आणि तो कडक होता. एकाने केलेला बदल दुसऱ्याने ओळ न् ओळ वाचायचा आणि पटला तर त्याखाली ‘वाचलं, मान्य’ असं लिहायचं. हे दोन शब्द पडल्याशिवाय कुणाचाही बदल प्रोग्रॅमात जात नसे.

या आश्रमात एक शिष्य आला. आला म्हणजे काय, तो आपल्या नाशिकच्या खोलीतच बसून राहिला आणि गुरू आपल्या खाडीवर. विद्या हल्ली अशीही मिळते आणि ती कमी कसाची नसते, हे मी छातीठोकपणे सांगतो. शिष्य हुशार होता, पदवीधर होता आणि आपण हुशार आहोत हे त्याला ठाऊकही होतं.

त्याचा पहिलाच बदल परत आला. त्याने प्रोग्रॅममधली एक चूक अचूक हेरून दुरुस्त केली होती. पण हात चालतोच आहे तर करून टाकू, म्हणून आजूबाजूचा सगळा कोडही आपल्या आवडीप्रमाणे नीटनेटका करून पाठवला होता. तात्यांनी खाली लिहिलं, “चूक सुधारलीस, उत्तम केलंस. पण तिच्याबरोबर सगळं घर झाडून काढलंस. आता तू नेमकं काय बदललंस ते मला दिसत नाही. एका वेळी एकच काम पाठव.”

शिष्य चरफडला. पण त्याने तसं केलं. पुढचा बदल परत आला, कारण त्यात दिलेली नावं वाचून काही बोध होत नव्हता. त्यापुढचा परत आला, कारण बदल का केला हे लिहिलं नव्हतं. पठ्ठ्या चिकाटीचा होता. पडत झडत तो शिकला आणि जसजसा शिकत गेला तसतसा तात्यांविषयीचा त्याचा आदर वाढत गेला. वाढता वाढता त्याची भक्ती झाली. “मला तात्या म्हण,” असं त्यांनी सांगूनही तो त्यांना गुरुजीच म्हणत राहिला.

एके दिवशी तात्यांनी त्याला कळवलं, “माझं वय झालं. पावसाळा सरला की चावी तुझ्याकडे द्यावी म्हणतो.” चावी म्हणजे मान्य झालेले बदल प्रोग्रॅमात घालण्याचा अधिकार. तो तेव्हा एकट्या तात्यांकडे होता. शिष्याला आकाश ठेंगणं झालं. त्या दिवसापासून एकच काळजी त्याला लागली. आपल्या हातून असं काही घडू नये, की गुरुजींचं मन फिरेल.

आणि मग ती विचित्र गोष्ट घडली. तात्यांनी स्वतः केलेला एक बदल तपासणीसाठी शिष्याकडे पाठवला!

शिष्य गडबडला. ज्यांनी सगळा प्रोग्रॅम लिहिला, चावी ज्यांच्या खिशात, त्यांनी आपला बदल कालच्या पोरापुढे ठेवावा? तात्यांनी खाली लिहिलं होतं, “फोनवर दिवसाचं कोष्टक सुटसुटीत दिसावं म्हणून हे केलंय. नीट बघ. घाई नाही.” शिष्याने पहिल्या चार ओळी पाहिल्या न पाहिल्या, त्याला संकोच वाटला. देवाच्या मूर्तीची मापं काढायला बसावं तसं वाटलं. त्याने लगेच लिहून टाकलं, “गुरुजी, आपलं तपासणारा मी कोण? वाचलं, मान्य.” शेवटी जोडलेल्या हातांचं चित्रही टाकलं. नियम पाळला गेला होता, म्हणून तात्यांनी बदल आत घेतला.

आता खाडीचं गणित थोडं समजून घ्या. दिवसात साधारण दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात, म्हणून तात्यांनी कोष्टकात चार घरं केली होती. पण पाण्याची वेळ रोज जवळजवळ पाऊण तास पुढे सरकते. त्यामुळे मधूनच एखादा दिवस असा येतो, की त्यात तीनच वेळा बसतात आणि चौथी मध्यरात्र ओलांडून दुसऱ्या दिवसात जाते. तात्यांच्या नव्या बदलाला हे माहीत नव्हतं. त्याने चौथं घर भरायला दुसऱ्या दिवसाची पहिली वेळ ओढून घेतली. मग दुसरा सगळा दिवस एका घराने सरकला. ओहोटीच्या जागी भरती दिसू लागली आणि भरतीच्या जागी ओहोटी.

नेमका त्याच दिवशी धाकू खारवी तापाने घरी पडलेला होता. त्याची होडी मुंबईहून नुकत्याच परतलेल्या पुतण्याने, नरेशने काढली. पलीकडे लग्नाची मंडळी खोळंबली होती. खाडीत पाणी अर्धं होतं. चढतंय की उतरतंय हे नरेशला कळेना. त्याने फोन पाहिला. फोन म्हणाला, चढतंय.

पाणी उतरत होतं. मंडळींना घेऊन परतताना होडी मधोमध चिखलात रुतून बसली. ऊन, रडणारी मुलं, डोक्यावर पदर घेतलेल्या म्हाताऱ्या. नवरदेवाचा एक काका तापट होता. “चालत जाऊ!” म्हणून त्याने उडी टाकली आणि तो कमरेपर्यंत आत गेला. दोर टाकून त्याला ओढून काढला, तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. भरती आली तेव्हा सगळे सुखरूप तीराला लागले. पण खाडीकाठच्या माणसाला विचारा, त्या चिखलातून दर वेळी माणूस निघत नाही.

तात्यांनी त्याच दिवशी बदल मागे घेतला आणि सर्वांना दिसेल अशा जागी लिहिलं, “चूक माझी आहे.” त्यात शिष्याचा उल्लेखही नव्हता.

शिष्याने ते वाचलं आणि तो सुन्न झाला. मग त्याने तात्यांचा बदल उघडला आणि पहिल्यांदाच खरोखर वाचला. चूक लपलेली नव्हती. चार घरं धरली आहेत, तीनच वेळा आल्या तर काय, एवढा एक प्रश्न विचारला असता तरी पुरे होतं. त्याने पिशवी भरली आणि कोकणची गाडी पकडली.

तात्या धक्क्यावर बसले होते. शेजारी ताप उतरलेला धाकू जाळं दुरुस्त करत होता. शिष्याने तात्यांचे पाय धरले. “गुरुजी, मला समजलं. आपण मुद्दाम चूक ठेवली होतीत. ती माझी परीक्षा होती आणि मी नापास झालो. चावीला मी लायक नाही.”

तात्या ताडकन उठले. “मुद्दाम? अरे, माणसं चिखलात बसली होती! परीक्षेसाठी मी माणसं बुडवीन, असं वाटलं तुला?”

“मग गुरुजी...”

“मी खरोखर चुकलो.” तात्या पुन्हा खाली बसले. त्यांचा आवाज उतरला. “माझी नजर आता थकते. लिहिताना एक गोष्ट धरतो, दुसरी निसटते. म्हणून तुझ्याकडे पाठवलं. मला नमस्कार नको होता रे, मदत हवी होती.”

धाकू जाळ्यातून मान वर न करता म्हणाला, “तात्यांची होडी असली तरी भोक पडलं तर पाणी शिरणारच ना!”

तात्यांनी शिष्याला जवळ बसवलं. “तुझे बदल मी परत पाठवत होतो, तेव्हा तुला काय वाटायचं?”

“आधी राग यायचा. मग कळलं, की आपण माझं काम मनावर घेता.”

“मग माझं काम तू मनावर का घेतलं नाहीस? एकट्याच्या कामात माणूस थोर असला तर चालून जातं. दहा जणांच्या कामात कोणी इतका थोर होता कामा नये, की त्याचं लिहिलेलं कोणी वाचणारच नाही. माझ्यावर तुझा विश्वास आहे, हे मला ठाऊक आहे. पण तो नरेश कोणाच्या विश्वासावर होडीत बसला? त्याने तुला पाहिलेलंही नाही. त्याच्या वतीने वाचायचं काम तुझं होतं. माझी चूक एका माणसाची होती. तू ‘वाचलं’ असं लिहिलंस आणि ती सगळ्या खाडीची झाली.”

शिष्य उठला. तो नरेशच्या घरी गेला आणि त्याची क्षमा मागून नाशिकला परतला. चावीचा विषय कोणी काढला नाही.

पावसाळा सरत आला. तात्यांनी तोच बदल नव्याने लिहून पुन्हा शिष्याकडे पाठवला. या वेळी दोन दिवस उत्तर आलं नाही. तात्या धक्क्यावर येत, फोन उघडत, मिटत. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं.

“तात्या, सगळं वाचलं. तीन वेळांचा दिवस आता बरोबर येतो. पण असा दिवस महिन्याच्या शेवटी आला, तर पुढच्या महिन्याची पहिली वेळ चुकते. मी करून पाहिलं, सोबत जोडलं आहे. हे असं मान्य करता येणार नाही. परत पाठवतो.”

तात्यांनी ते पुन्हा पुन्हा वाचलं. ‘गुरुजी’ हा शब्द कुठेच नव्हता. जोडलेले हातही नव्हते. त्यांनी तिथेच बसून चावी शिष्याच्या नावावर केली.

धाकूने विचारलं, “काय वो तात्या, काय आलं?”

“माझं काम परत आलं. चुकलं होतं.”

“मग हसताय कशापायी?”

“आता मला चुकायची भीती राहिली नाही, धाकू,” तात्या म्हणाले आणि चूक दुरुस्त करायला घराकडे निघाले.

ज्यांच्यापुढे आपली मान आपोआप झुकते, त्यांनी पुढे केलेला कागद आज एकदा वाचून पाहा. त्यांना कदाचित मदत हवी असेल.