तांबटाच्या फिल्मसाठी कॉम्प्युटर

"...मग ग्राफिक्स कार्ड घेऊ की रॅम वाढवू, बाई? दोन्ही नाही जमणार."

शरयूबाई भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. नाशकात कॅसेटच्या काळापासून त्यांनी लग्नांच्या फिल्म जोडल्या. जिल्ह्यातले निम्मे एडिटर त्यांच्या हाताखालून गेले. हर्षल करडे त्यातला सगळ्यात हुशार, आणि हे त्यालाही चांगलं माहीत होतं.

"अंथरूण पाहून पाय पसरावेत," बाई म्हणाल्या.

"तेच विचारतोय ना! कमी पैशांत बसेल असा डेस्कटॉप हवाय. पण फोर-के व्हिडिओ अडकता कामा नये. आता प्रोसेसर बघितला तर..."

नमनालाच घडाभर तेल गेलं. प्रोसेसर झाला, एसएसडी झाली, सेकंडहँड कार्ड घ्यावं की न घ्यावं तेही झालं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. शिष्य बोलत सुटला की त्याला थांबवू नये, तो आपोआप दमतो.

तो दमला.

"जोडायचं काय आहे?"

"अण्णांची फिल्म."

हर्षलचे वडील तांबट. जन्मभर त्यांनी तांब्याचे हंडे आणि घंगाळी ठोकली. डोळे दगा द्यायला लागले, तेव्हा हर्षलने त्यांचं काम शूट करून ठेवलं. फिल्म मात्र चांगला कॉम्प्युटर आला की करू, म्हणून राहिली. आणि बाजारात दर वेळी त्याहून चांगला येत होता.

"आता दिसतं त्यांना?"

हर्षलने एक शेंग उचलली आणि उगाच फोडायला घेतली.

"हर्षल."

"उजेड तेवढा कळतो. तरी रोज विचारतात, झाली का रे माझी फिल्म? सगळ्या आळीला बोलावणार आहेत म्हणे. मग निदान फिल्म तरी एक नंबर व्हायला नको का, बाई? लोक बघतील..."

बाईंनी शेंगा बाजूला सारल्या.

"थोडीफार केली असशील ना?"

"सुरुवात केलीय, जुन्या लॅपटॉपवर. पेन ड्राइव्हमध्ये आणलीय."

"लाव."

त्याने पेन ड्राइव्ह बाईंच्या कॉम्प्युटरला लावला. बाईंनी पदरावरची फोलपटं झटकली, खुर्ची ओढली आणि पडद्याकडे पाठ करून बसल्या.

"बाई... पडदा इकडे आहे."

"माहितीये. लाव."

फिल्म सुरू झाली. बासरी वाजायला लागली. लग्नाच्या फिल्मवाल्यांची ही जुनी खोड, मूळ आवाज आधी बंद करायचा आणि वर संगीत चढवायचं. मांडवातल्या गोंगाटावर तो उपाय बराही असतो. हर्षलचा हात त्यातच घडलेला.

"आत्ता हंडा भट्टीतून निघतोय, बाई. वळून बघा तरी, काय रंग आलाय!"

बाई वळल्या नाहीत. बासरी वाजत राहिली.

"तुझे अण्णा कधी येतात?"

"कधी म्हणजे? पहिल्यापासून आहेत की! हे काय, समोरच..."

त्याने बाईंकडे पाहिलं.

बाईंची पाठ पडद्याकडेच होती...

हर्षलने बासरी बंद केली. पेन ड्राइव्हमध्ये मूळ शूटिंगही होतं. त्यातली एक क्लिप त्याने तशीच, न कापता लावली.

ठण्. ठण्. ठण्. मध्येच खोकला. मग अण्णा.

"तुझ्या आईला म्हणावं चहा टाक. आणि इकडे ये, हा ठोका ऐक... हा कच्चा. आता हा ऐक... जमला की नाही हंडा?"

आणि ते हसले.

हे शूट करताना हर्षल तिथेच उभा होता. पण तेव्हा त्याचं लक्ष फोकसवर होतं. आता तो रडत होता आणि रडू लपवत नव्हता. बाईंनी त्याला रडू दिलं.

अण्णा पुढे हळू आवाजात काहीतरी सांगायला लागले. पण क्लिप जड होती. बाईंचा म्हातारा कॉम्प्युटर तापला आणि आतला पंखा घरघरायला लागला. दोघंही स्पीकरशी वाकले. शब्द काही हाती लागेनात.

"काय म्हणाले रे?"

"कळलं नाही..." हर्षलने शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. "बाई, मग कोणता कॉम्प्युटर घेऊ?"

"ज्याचा पंखा तुझ्या अण्णांपेक्षा हळू बोलतो, तो."