फाटू नये म्हणून

विषय: विमानात चढण्यासाठी पास कागदी बरा की मोबाईलवरचा, याबाबत.
संदर्भ: श्री. उकिडवे यांचा गुरुमंत्र मिळणेबाबतचा अर्ज.

"पण बुवा, मोबाईल ऐन वेळी बंद पडला तर?" उकिडव्यांनी विचारलं.

दामोदरबुवा कीर्तनासाठी बेंगळुरूला निघाले होते. आयुष्यातलं पहिलंच विमान. सुनेनं पाठवलेला पास त्यांच्या मोबाईलवर होता. साथीला निघालेल्या उकिडव्यांकडे झांजा होत्या, आणि मतंही.

तीन वर्षं उकिडवे बुवांकडे गुरुमंत्र मागत होते. सरकारी नोकरीत आयुष्य गेलेलं, त्यामुळे मागणी लेखी होती. या प्रवासात निकाल देतो, असं बुवा म्हणाले होते.

रांगेत उकिडव्यांनी दोन्ही बाजू मांडल्या. मोबाईलवरचा पास घरी विसरत नाही, कागदाची बचत होते, हे मान्य. पण बॅटरी संपते, आणि बोट भलतीकडे लागलं की नातवाचा वाढदिवस उघडतो. कागद चुरगळतो, भिजतो, एवढाच त्याचा दोष. तो त्यांनी काढून टाकला होता. घरी छापलेल्या पासाला लॅमिनेशन करून घेतलं होतं.

"आता याला काही होत नाही."

"काहीच?"

"काहीच नाही, बुवा."

बुवा रांगेत पुढे सरकले.

दारापाशी बुवांच्या मोबाईलचा पडदा खरोखरच काळा झाला. उकिडव्यांनी समाधानानं मान हलवली. बुवांनी मोबाईल तिथल्या मुलीच्या हातात देऊन टाकला.

"मला यातलं कळत नाही, बाळ. तूच बघ."

तिनं बोट फिरवलं, पडदा उजळला, यंत्र वाजलं, बुवा आत.

उकिडव्यांच्या पासाचा खालचा तुकडा फाडून ठेवायचा होता. तिनं ओढला. तिच्या सहकाऱ्यानं ओढला. कात्री आणावी, तर कात्री कोणी आत आणू देत नाही.

"काका, हा फाटत नाही हो."

"फाटू नये म्हणूनच केलंय," उकिडवे म्हणाले.

रांग हसली. शेवटी वहीत सही घेऊन त्यांना सोडलं.

विमान ढगांवर आलं. बुवा खिडकीला नाक लावून बसले होते. मग वळले, खिशातलं पेन काढलं आणि हात पुढे केला. "आणा तो अर्ज."

उकिडवे सावरून बसले. त्यांनी पिशवीतून अर्ज काढला. उन्हात तो चकाकला. त्यालाही लॅमिनेशन होतं.

बुवांनी पेन टेकवलं. घसरलं... पुन्हा टेकवलं.

"अर्ज उत्तम आहे, उकिडवे," बुवा आनंदानं म्हणाले. "शेरा कुठं लिहू?"

अर्ज प्रलंबित आहे.